सटवाई येण्याआधी

आमच्याकडे मूल जन्माला आलं की घरातला एखादा वडीलधारा माणूस त्याच्या उजव्या कानात अजान देतो. जगात आल्यावर बाळाच्या कानावर पडणारे पहिले शब्द ते असावेत, अशी रीत आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या भाचीला मुलगा झाला, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. माझ्या बहिणीचे यजमान आज हयात नाहीत. मी जिल्हा रुग्णालयात पोचलो, हातपाय धुतले आणि बाळाजवळ गेलो, तर नर्सबाईंनी मला हातानंच थोपवलं. म्हणाल्या, ‘‘मामा, दोन मिनिटं थांबा. आधी आमचं मांडीचं काम, मग तुमचं कानाचं.’’

त्यांनी बाळाच्या एका मांडीत एक सुई दिली, दुसऱ्या मांडीत दुसरी. बाळानं टाहो फोडला. माझी बहीण दाराशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. मग मी बाळाला हातात घेतलं आणि अजान दिली. जन्माला येऊन त्याला पुरता तासही झाला नव्हता.

आपल्या भागात म्हणतात, पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका हे उघड कबूल करायच्या नाहीत, पण छठीच्या रात्री दिवा मात्र विझू देत नाहीत. एक आजार असा आहे, की जो सटवाईचीही वाट पाहत नाही. तो पहिल्याच दिवशी लिहून मोकळा होतो आणि त्यानं काय लिहिलं, ते कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी कळतं. लिहायच्या आत त्याचा हात धरायचा असेल, तर आपल्यापाशी जेमतेम चोवीस तास असतात.

या आजाराचं नाव हिपॅटायटिस बी. खेड्यापाड्यांत त्याला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण बाळाच्या त्या पहिल्या तासासाठी आमच्या घरानं पाच महिने धावपळ केली. त्या धावपळीत डॉक्टरांकडून, नर्सबाईंकडून जे समजलं, ते चार लोकांच्या कानावर घालावं, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

भाचीला चौथा महिना होता. सासरच्या गावातल्या आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. दर महिन्याच्या नऊ तारखेला तिथं गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून देशभर ही सोय आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, साखर, एचआयव्ही या तपासण्यांबरोबर आणखी एक छोटी तपासणी झाली. तिचं नाव एचबीएसएजी. थेंबभर रक्त एका पट्टीवर टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. पट्टीवर एक रेघ उमटली तर काही नाही. भाचीच्या पट्टीवर दोन उमटल्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. घरात आम्ही दखनी बोलतो. ‘‘मामू, मेरे खून में क्या निकला जी? सास मेरेसे बातच नहीं करती.’’ दुसऱ्या दिवशी मी आणि आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, तिच्या सासरी गेलो. विहीणबाईंनी पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. भाचीचं ताट, तिचा पेला वेगळा काढून ठेवलेला होता. ‘‘पोरीला आजार होता, तर लग्नाआधी सांगायचं होतं,’’ एवढंच त्या बोलल्या. जावईबापू खाली मान घालून बसले होते. आता ही पोर नांदेल की कायमची माहेरी येईल, हा प्रश्न आपाच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होता.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की हिचे डोळे पिवळे नाहीत, हिला ताप नाही, हिला आज काही होत नाही. हा विषाणू यकृतात घर करून वर्षानुवर्षं गुपचूप बसू शकतो. माणूस शेतात राबतो, हसतो, खेळतो आणि त्याला पत्ता नसतो. म्हणूनच आमच्याकडच्या काविळीच्या उपायांचा इथं काडीचा उपयोग नाही. तालुक्याला एक गृहस्थ हाताला चुना लावून कावीळ ‘उतरवतात’. हात धुतलेलं पाणी पिवळं झालं की माणसाला वाटतं, कावीळ गेली. पिवळेपणा येतो तो चुना आणि झाडपाल्याच्या रसातून. यकृतातला विषाणू जागचा हलत नाही.

दुसरी गोष्ट ताटाची. हा आजार ताटातून, पेल्यातून, एका अंथरुणावर बसल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं पसरत नाही. तो पसरतो रक्तातून आणि शरीरातल्या स्रावांतून. न उकळलेली सुई, दुसऱ्याचं वस्तऱ्याचं पातं, न तपासलेलं रक्त, स्त्री-पुरुष संबंध आणि बाळंतपण. त्यातली शेवटची वाट आपल्या देशात फार महत्त्वाची. डॉक्टरीणबाईंनी भाचीचा पेला उचलून टेबलावर आमच्या पेल्यांत ठेवला आणि विचारलं, ‘‘हिच्या आईची तपासणी झालीय का?’’

आपाची तपासणी झाली. पट्टीवर दोन रेघा.

भाचीचा जन्म २००० सालचा, घरीच, सुईणीच्या हातून. हिपॅटायटिस बीची लस तेव्हा सरकारी लसीकरणात नव्हती. म्हणजे आपाकडून बाळंतपणात ती भाचीला मिळाली असणार, असं डॉक्टरांचं मत पडलं. मग मला आमची अम्मी आठवली. १९९४ साली ती गेली. पोटात पाणी होऊन गेली. जलोदर म्हणाले होते सगळे. ते यकृत कशानं बिघडलं होतं, हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण आपानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या मनात अम्मीच होती, हे मला कळलं. आई लेकीला पैंजण देते, गोधडी देते. आमच्या घरात हेही दिलं गेलं असेल का, देणारीला ठाऊक नसताना?

‘‘म्हणजे मीच दिलं माझ्या पोरीला?’’ आपानं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘मावशी, तुम्ही दिलं नाही. तेव्हा ते कुणाच्याच हातात नव्हतं. आता आहे.’’ विहीणबाई हे सगळं ऐकत होत्या. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. पण घरी गेल्यावर भाचीचं ताट त्यांनी फळीवर बाकीच्या ताटांत ठेवलं.

आता आईकडून बाळाला हा आजार जातो कसा, ते थोडक्यात सांगतो. पोटात असताना बाळ बहुतेक वेळा सुरक्षित असतं. धोका असतो तो मुख्यतः जन्माच्या वेळी, आईच्या रक्ताशी आणि स्रावाशी बाळाचा संबंध येतो तेव्हा. आईच्या रक्तात विषाणूचं प्रमाण भरपूर असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर अशा दहा बाळांपैकी सात ते नऊ बाळांना लागण होऊ शकते.

आणि बाळाला होणारी लागण मोठ्या माणसाच्या लागणीसारखी नसते. धडधाकट मोठ्या माणसाला हा विषाणू लागला, तर शंभरांतल्या पंचाण्णव जणांचं शरीर त्याला काही महिन्यांत हाकलून देतं. तान्ह्या बाळाचं उलटं. बाळाच्या शरीरातली रखवाली अजून नवशिकी असते, ती या पाहुण्याला घरचाच समजते. म्हणून जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो. त्यांतल्या काहींचं यकृत पुढं ऐन कर्तेपणात आकसतं, काहींना यकृताचा कर्करोग होतो. २०२२ सालचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की जगात सुमारे २५ कोटी ४० लाख माणसांच्या शरीरात हा विषाणू आहे. त्यांपैकी जवळजवळ तीन कोटी आपल्या भारतात आहेत.

मग बाळ जन्मल्यानंतर दिलेल्या सुईचा उपयोग काय, असा प्रश्न मलाही पडला होता. विषाणू शिरला तर शिरला. त्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा विषाणू शिरल्यावर लगेच जम बसवत नाही. त्याला वेळ लागतो. लस त्याच्या आधी पोचली, तर बाळाचं शरीर त्याला ओळखायला शिकतं. आईला आजार आहे हे माहीत असेल, तर लशीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन देतात. ती म्हणजे आयती तयार रखवाली. बाळाची स्वतःची फौज उभी राहीपर्यंत ती दारात पहारा देते. लस चोवीस तासांच्या आत, आणि ही दुसरी सुई शक्यतो बारा तासांच्या आत. दोन्ही वेळेवर मिळाल्या आणि लशीच्या पुढच्या मात्रा पूर्ण झाल्या, तर दहांतली नऊ बाळं वाचतात.

या लशीमागची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. बारूक ब्लूमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक वेगळंच प्रथिन सापडलं. ते या विषाणूचं आवरण निघालं. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणूनच तो जागतिक हिपॅटायटिस दिन. पहिली लस १९८१ साली आली, ती माणसाच्या रक्तापासून केलेली होती. १९८६ पासून ती यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवायच्या किण्वाच्या मदतीनं होऊ लागली. तैवाननं १९८४ सालीच आजारी आयांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली, मग सगळ्याच बाळांना. दहा-बारा वर्षांत तिथल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग सुमारे निम्म्यावर आला. कर्करोग लशीनं टळतो, हे जगानं तिथं पाहिलं.

आपल्याकडे ही लस परदेशातून यायची आणि ती गरिबाच्या आवाक्यात नव्हती. १९९७ साली हैदराबादच्या वरप्रसाद रेड्डी यांच्या कंपनीनं ती भारतात तयार केली आणि किंमत खाली आली. कंपनीला त्यांनी आपल्या आईचं, शांता हे नाव दिलं होतं. आईकडून बाळाकडे जाणारा आजार अडवणाऱ्या लशीवर एका आईचं नाव असावं, हे मला फार बरं वाटतं.

पण लस स्वस्त झाली, म्हणजे ती योग्य ठिकाणी पोचलीच असं नाही. २००१ च्या सुमारास आमच्या गावातही शाळेच्या मैदानावर लसीकरणाचं शिबिर झालं होतं. ‘एड्सपेक्षा भयंकर’ असे फलक लागले होते. आम्ही बाप्ये रांगेत उभे राहून दंडात सुई टोचून घेत होतो. मीही एक घेतली. दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला गेलो नाही, ही माझी चूक. पण त्याच दिवशी गावात किती बायका बाळंतीण झाल्या, त्यांची बाळं कुठं आहेत, हे रांगेतल्या कुणी विचारलं नाही. ज्यांना सगळ्यांत कमी धोका ते रांगेत होतो आणि ज्यांना सगळ्यांत जास्त, ती दुपट्यात गुंडाळून घरी निजलेली होती.

सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत आली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ नंतर देशभर. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू आहे. त्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

भाचीच्या रक्ताचा नमुना जिल्ह्याला पाठवला. विषाणूचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तिला टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू झाली. आईच्या रक्तातला विषाणू बाळंतपणाच्या आधीच कमी करायचा, हा त्यामागचा विचार. आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली असंही सांगितलंय, की जिथं हे प्रमाण मोजायची सोय नाही, तिथं एचबीएसएजी आढळलेल्या सगळ्या गरोदर बायकांना ही गोळी देता येईल. खेड्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. खरी अडचण पुढं आली आणि ती औषधाची नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तपासणी झाली सासरच्या गावी, बाळंतपण होणार माहेरच्या गावी. दोन तालुके वेगळे. सातव्या महिन्यात ओटीभरण करून भाची आपाकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत साड्या होत्या, बांगड्या होत्या, डिंकाचे लाडू होते. माता-बाल संरक्षण कार्ड नव्हतं. ते सासरी, कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली. विहीणबाईंनी ते जपून ठेवलं होतं! दुसऱ्याच दिवशी जावईबापू मोटारसायकलवरून कार्ड आणि रिपोर्ट घेऊन आले.

आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई हे ऐकून हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘मामा, तुमच्याकडे कार्ड दोन तालुके चालून आलं. इथं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं बघा.’’ दिवाळीच्या सुमाराला कोयता बाहेर पडतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तपासणी इथल्या गावी आणि बाळंतपण दोन-तीनशे किलोमीटरवर, कारखान्याच्या तळावर, कोपीत, कधी बैलगाडीत. तिथल्या दवाखान्यात ही बाई नवखी. तिच्या पोटातल्या बाळाला पहिल्या दिवशी काय लागणार आहे, हे तिथं कुणाला ठाऊक असणार? आजार आईकडून बाळाकडे बिनचूक जातो, निरोप मात्र एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जात नाही.

या नर्सबाईंची एक पद्धत मला आवडली. ज्या बाईचा रिपोर्ट असा आहे, तिच्या कार्डावर त्या मोठ्या लाल अक्षरांत काही लिहीत नाहीत. शेजारपाजार कार्ड वाचतो, मग त्या बाईला नांदणं मुश्कील होतं. रिपोर्टची घडी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तिच्याच हातात देतात, तो कुणाला दाखवायचा हे तिला समजावतात आणि बाळंतपण जिथं होणार, तिथल्या नर्सबाईंना स्वतः फोन करतात.

बाळंतपण दवाखान्यात झालं, की काम झालं असं आपण समजतो. आज महाराष्ट्रात शंभरातली नव्वदांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यातच होतात. पण बाळ शनिवारी रात्री जन्मलं आणि लशीच्या फ्रिजची खोली सोमवारी सकाळी उघडली, तर चोवीस तास कधीच उलटलेले असतात. बीसीजी वर्षाच्या आत देता येते, पोलिओची शून्य मात्रा पंधरा दिवसांपर्यंत. हिपॅटायटिस बीच्या पहिल्या मात्रेला सरकारी वेळापत्रकात फक्त चोवीस तास. एका बाळासाठी दहा मात्रांची कुपी कशी फोडायची, अशी पूर्वी भीती असे. आता नीट थंड ठेवलेली उघडी कुपी २८ दिवसांपर्यंत वापरता येते. म्हणून आधीच विचारून ठेवावं, की रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बाळ झालं तर लस कोण देणार. आजार आईच्या माहितीतला असेल, तर दुसरी सुई तिथं मिळेल का, हेही विचारावं. आम्ही विचारलं, म्हणूनच ग्रामीण रुग्णालयाऐवजी जिल्ह्याला गेलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. या आजारासाठी म्हणून पोट फाडून बाळंतपण करायची गरज नसते. आईनं बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. विहीणबाईंना ही शंका होती, ती डॉक्टरांनी फेडली. पुढं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लशीतून बाळाला उरलेल्या मात्रा मिळतात. त्या चुकवल्या तर पहिल्या दिवशीची धावपळ निम्मी वाया जाते. नवऱ्यानं, सासरच्या माणसांनी, बाईच्या भावंडांनी तपासणी करून घ्यावी आणि आजार नसेल तर लशीच्या तिन्ही मात्रा घ्याव्यात. जावईबापूंनी घेतल्या. मीही घेतल्या, या वेळी तिन्ही. आपाचे उपचार सुरू आहेत. तिच्या रिपोर्टवरून तिला वेळीच कळलं, हाही या सगळ्यातला एक फायदा.

दहाव्या महिन्यात, २०२४ च्या जूनमध्ये, बाळाचं रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला आपा स्वतः आली होती. तिला वाचता येत नाही. कागद तिनं माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. विषाणू नाही. लशीनं तयार झालेलं संरक्षण आहे. मी तिला सांगितलं, ‘‘आपा, अम्मीपासूनचं असेल किंवा तुझ्यापासूनचं, ते इथं थांबलं.’’ तिनं कागद परत घेतला, घडी केली आणि बटव्यात ठेवला.

आपल्या घरात, शेजारात कुणी गरोदर असेल, तर तीनच गोष्टी विचारा. एचबीएसएजीची तपासणी झाली का? कार्ड आणि रिपोर्ट तिच्याबरोबर आहेत का? बाळ रात्री झालं, तर पहिली सुई कोण देणार? विचारायला पैसे लागत नाहीत. सटवाईला पाचव्या रात्री यायचं ते येऊ द्या. तोवर बाळाच्या कपाळावर दुसऱ्या कुणी काही लिहिलेलं नसावं, एवढं आपल्या हातात आहे.